शाळेच्या आणि हौशी गायकवृंदांसाठी आजच्या संगीतकारांच्या रचना : काय निवडावे, कशाच्या आधारे?

मध्यमग्राम

नमस्कार. मी एका हौशी गायकवृंदाचे संचालन करतो. वृंदात तीसेक गायक आहेत. सोप्रानो (स्त्रियांचे उंच आवाज) भरपूर, आल्टो (स्त्रियांचे खालचे आवाज) पुरेशा, बास (पुरुषांचे खालचे आवाज) बऱ्यापैकी आणि टेनर (पुरुषांचे उंच आवाज) मात्र तीनच. निम्म्या गायकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येते, बाकीचे ऐकून पाठ करतात. आजवर आमचा भर जुन्या रचनांवर राहिला, परंतु पुढच्या कार्यक्रमात हयात असलेल्या किंवा अलीकडच्या काळात होऊन गेलेल्या संगीतकारांच्याच रचना गाव्यात, असा विचार आहे. एका शाळेचा वृंदही आमच्याबरोबर असेल. त्यामुळे काही रचना मुलांना एकट्याने आणि काही दोन्ही वृंदांना मिळून गाता आल्या पाहिजेत.

माझे एक मत आधीच मांडतो. ध्वनिमुद्रण ऐकताना मन भरून येते ती रचना आणि आपल्या गायकांच्या गळ्याला पेलते ती रचना, यांत बरेच अंतर असू शकते. तरीही केवळ सोपी आहे म्हणून बेताची रचना निवडणे मला पटत नाही. हौशी गायक महिनोन्‌महिने एकच रचना घोळवत असतात, आणि तेवढा काळ पुरेल इतका कस तिच्यात नसेल तर त्यांचा उत्साह ओसरतो. साध्या आवाजांसाठी लिहिलेले, पण संगीत म्हणून अस्सल, असे काय आपल्या पाहण्यात किंवा गाण्यात आले आहे?

आरोही

मॉर्टन लॉरिडसन यांची 'ओ माग्नुम मिस्तेरिउम' (१९९४) आणि एरिक व्हिटेकर यांची 'लक्स ऑरुमक्वे' या दोन रचना मी सर्वांत आधी सुचवेन. व्हिटेकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतील १८५ गायकांचे घरबसल्या चित्रित केलेले आवाज जोडून 'लक्स ऑरुमक्वे' सादर केली होती. ती चित्रफीत पाहूनच मी वृंदगानाकडे वळले. शब्द मोजके, लय संथ आणि स्वरांचे आघात अतिशय मऊ असल्यामुळे नवशिक्या श्रोत्यालाही ही रचना पहिल्या ऐकण्यातच आपलीशी वाटते.

खर्ज

आरोही, रचना सुंदर आहेत याबद्दल दुमत नाही. पण धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातील तीन टेनर विसरून चालणार नाही. 'लक्स ऑरुमक्वे'मध्ये एकेक आवाज पुढे दोन-दोन उपविभागांत फुटतो. तीन टेनरांचे दोन भाग केले की एका भागात एकच माणूस उरतो. त्यातच ही रचना लांब श्वासांवर उभी आहे, म्हणजे एकाच स्वरावर असलेल्या गायकांनी आळीपाळीने, कोणाच्याही लक्षात येणार नाही असा श्वास घ्यायचा असतो. एकटा माणूस आळीपाळी कोणाशी करणार?

दुसरे असे की संथ लय म्हणजे सोपी रचना, हा समज वृंदगानात फार महागात पडतो. वाद्यांच्या साथीशिवाय हळू गाताना वृंदाचा स्वर खाली घसरत जातो, आणि शेजारशेजारचे दोन स्वर एकत्र धरून ठेवायचे असले तर ते हळूहळू एकमेकांकडे सरकतात. त्या जवळिकीतली झळाळी गेली की त्या शैलीत हाती फारसे काही राहत नाही. निवड करताना प्रत्येक पानावर एकूण किती वेगवेगळे स्वर एका वेळी गायले जातात ते मोजावे आणि आपल्या सर्वांत लहान विभागातील माणसांच्या संख्येशी ते ताडून पाहावे. हा हिशेब अरसिक वाटला तरी पुढची बरीच निराशा वाचवतो.

सुलेखा_स

मी शाळेत संगीत शिकवते, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्या काळात अनेकांची सहज कक्षा जेमतेम एका सप्तकाची उरते आणि तीही दर काही आठवड्यांनी सरकते. चार आवाजांच्या छापील रचनेतील टेनर त्यांना उंच पडतो आणि बास खोल पडतो. अशा मुलांना 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले जाते, तेव्हा ती गाण्याला कायमची अंतरतात. म्हणून सोप्रानो, आल्टो आणि एकच पुरुष आवाज अशा तीन आवाजांच्या रचना आधी पाहाव्यात, आणि त्यातही तो तिसरा आवाज मधल्या पट्टीतच फिरतो ना, हे तपासावे.

लहान मुलांसाठी बॉब चिलकॉट यांचे नाव आवर्जून घ्यावेसे वाटते. ते १९८५ ते १९९७ या काळात किंग्ज सिंगर्स या गटात टेनर होते, त्यामुळे गळ्याला काय सोसते याची त्यांना आतून जाण आहे. 'अ लिटल जॅझ मास' (२००४) ही त्यांची रचना उंच आवाजांसाठी आहे (मास म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या शब्दांवरची संगीतकृती). तिला पियानोची साथ लागते आणि हाताशी असतील तर डबल बास आणि ड्रम्सही घेता येतात. त्यांच्याच 'कॅन यू हिअर मी' या गीतात ऐकू न येणाऱ्या व्यक्तीचे मनोगत आहे आणि काही ओळी गाताना मुले सांकेतिक भाषेतील खुणाही करतात. आमच्या मुलांनी त्या खुणा शब्दांपेक्षा लवकर आत्मसात केल्या, आणि खुणांमुळे त्यांचा श्वास आपोआप ओळीच्या शेवटापर्यंत टिकू लागला.

याहून वेगळे काही हवे असेल तर कॅनडाचे आर. मरी शेफर पाहा.

मध्यमग्राम

खर्ज, स्वर मोजण्याची सूचना मी लगेच अमलात आणतो. सुलेखाताई, शेफर यांच्याबद्दल सविस्तर लिहाल का? त्यांचे आलेखी स्वरलेखन पाहून मी आजवर थोडा बिचकतच आलो आहे.

सुलेखा_स

अवश्य. 'एपिटाफ फॉर मूनलाइट' ही रचना १९६८ ची आहे. तिचे शब्द शाळकरी मुलांनी घडवले आहेत. चांदण्याला स्वतःचा नवा शब्द शोधा, असे मुलांना सांगण्यात आले होते, आणि त्यांनी दिलेले 'मालूमा', 'शिमोनोएल', 'नूरवाम', 'शीलेस्क' असे शब्द शेफर यांनी रचनेत घेतले. त्या शब्दांना कोशातला अर्थ नाही. 'श', 'म', 'ल' यांचा नाद एवढेच त्यांचे भांडवल आहे.

कागदावर पाच रेघांची पट्टी नाही. रेषा, ठिपके आणि पसरत जाणारे आकार आहेत. सुरुवातीला एकेक आवाज गुणगुणत प्रवेश करतो, आधीच्या आवाजापेक्षा अर्ध्या स्वराने खाली, आणि असे थर साचत जातात. कोणत्या सुरावरून सुरुवात करायची याचे बंधन नसल्यामुळे आपल्या मुलांना सोयीची पट्टी घेता येते. आवाज फुटत असलेल्या मुलग्यालाही त्यात मानाची जागा मिळते, कारण तो जिथे आहे तिथून त्याला गाता येते. मात्र अर्धा स्वर नेमका उतरणे ही खरी कसोटी आहे. मुले बहुधा पूर्ण स्वर उतरतात. मी आधी दोघादोघांना समोरासमोर बसवते. एकाने स्वर धरायचा आणि दुसऱ्याने त्याच स्वरावरून अगदी थोडे खाली घसरून, कानाला टोचू लागेल तिथे थांबायचे. टोचणारा स्वर न घाबरता धरता आला की पुढचे काम सोपे होते.

त्यांची 'मिनिवांका' (१९७१) याच वाटेने जाते. तिच्यात उत्तर अमेरिकेतील आदिवासी भाषांमधले पाण्याचे शब्द घेऊन पावसापासून समुद्रापर्यंतचा प्रवास उभा केला आहे.

जुनाजाणता

सुलेखा_स यांच्या अनुभवाचा आदर ठेवूनही मी असहमती नोंदवतो. नादाचे थर रचण्यात मुले रमतात हे खरे. पण वृंदगानाने मुलाला आयुष्यभर पुरेल अशी चाल द्यावी, असे मला वाटते. घरी जाताना मूल काय गुणगुणत जाते, हा माझा निकष आहे. बेंजामिन ब्रिटन यांनी १९३३ ते १९३५ दरम्यान 'फ्रायडे आफ्टरनून्स' ही बारा गीते आपले बंधू ज्या शाळेत मुख्याध्यापक होते तेथील मुलांसाठी लिहिली. बहुतेक गीते एकाच आवाजात आहेत, तरी पियानोची साथ इतकी स्वतंत्र बुद्धीची आहे की मुलांना आपण काही पोरकट गात आहोत असे वाटत नाही. ती आज समकालीन राहिलेली नाहीत, हे मान्य. पण हयात संगीतकारांकडून मी हीच अपेक्षा ठेवतो. जॉन रटर यांच्याबद्दल जाणकार मंडळी नाके मुरडतात, परंतु 'लुक अॅट द वर्ल्ड' शिकलेले मूल ती चाल विसरत नाही, हे मी पाहिले आहे.

सुलेखा_स

चाल हवीच. रटर मीही शिकवते. माझे म्हणणे इतकेच की ज्याला अजून चाल नीट धरता येत नाही, त्या मुलासाठीही वृंदात जागा असावी, आणि ती जागा शेफर देतात. ब्रिटन यांनीही 'नॉयेज फ्लड' (१९५८) मध्ये पावसाच्या थेंबांसाठी टांगलेले चहाचे कप वाजवायला मुलांनाच बसवले होते.

त्रिश्रुती

चालीचा आणि नादाच्या धाडसाचा वाद ज्या एका रचनेत मिटतो, तिचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून लिहितो. जॉन टॅव्हनर यांनी १९८२ मध्ये विल्यम ब्लेक यांच्या कवितेवर 'द लॅम्ब' रचली, ती आपल्या भाच्याच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी. रचना चार आवाजांची, साथीविना आणि जेमतेम चार मिनिटांची आहे.

पहिली ओळ सोप्रानो एकट्या गातात. आपल्या भाषेत सांगायचे तर तिचे चलन सा, ग, रे, मंद्र नी, सा असे आहे. शाळेतल्या कोणत्याही मुलाला हे ऐकून लगेच म्हणता येईल. दुसऱ्या ओळीत सोप्रानो हेच पुन्हा गातात आणि आल्टो त्याचे आरशातले प्रतिबिंब गातात: सोप्रानो जेवढ्या वर जातात तेवढ्याच आल्टो खाली येतात. म्हणजे आल्टोंचे स्वर सा, मंद्र कोमल ध, मंद्र कोमल नी, कोमल रे, सा असे होतात. चौथ्या स्वरावर सोप्रानो मंद्र निषादावर आणि आल्टो कोमल ऋषभावर असतात, म्हणजे तिथे आल्टो सोप्रानोंच्या वर निघून गेलेल्या असतात. दोन्ही आवाज षड्जावरून निघून षड्जावरच भेटतात, आणि मधल्या तीन स्वरांत इतका ताण येतो की ऐकणारा सावरून बसतो. तिसऱ्या ओळीत दोन्ही चलनांतले मिळून सात स्वर सोप्रानो एकापाठोपाठ गातात, आणि चौथ्या ओळीत तेच सात स्वर शेवटाकडून सुरुवातीकडे येतात.

मध्यमग्राम यांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे असे मला वाटते. गायकाला शिकायचे असते ते फार थोडे. आल्टोंना त्यांची ओळ एकट्याने दिली तर ती सहज पाठ होते. कठीण असते ते दोन ओळी एकत्र आल्यावर आपल्या ओळीवर ठाम राहणे. अर्ध्या वृंदाला स्वरलेखन वाचता येत नसले तरी फारसे बिघडत नाही, कारण रचनेचा सगळा ऐवज पाच स्वरांच्या एका चलनातून निघतो. पहिल्या कडव्यात पुरुषांचे आवाज बरेच उशिरा येतात, त्यामुळे टेनरांचाही प्रश्न सौम्य होतो.

खर्ज

त्रिश्रुती यांच्याशी पूर्ण सहमत. याच जातीचे दुसरे उदाहरण आर्वो पॅर्ट यांचे आहे. १९७६ पासून ते ज्या पद्धतीने लिहीत आले तिच्यात एक आवाज लगतच्या स्वरांवरून पायरी-पायरीने चालतो आणि त्याच्या जोडीचा आवाज एकाच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहाच्या) तीन स्वरांपैकी जवळचा स्वर घेतो. नियम इतका उघडा असतो की गायकाला चूक लगेच कळते. माद्रिदमधील २००४ च्या बॉम्बस्फोटांनंतर लिहिलेली 'दा पाचेम डोमिने' हौशी वृंदांना झेपते. अट एकच, ती म्हणजे स्वरशुद्धीसाठी धीर धरून वेळ द्यावा.

जेम्स मॅकमिलन यांचे 'स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स' (मोटेट म्हणजे छोटे धार्मिक वृंदगीत) तर एका विद्यापीठाच्या वृंदासाठीच लिहिलेले आहेत. त्यांतील 'ओ रेडियंट डॉन' मध्ये आवाजांचे फारसे उपविभाग होत नाहीत आणि 'ये, ये' अशी आर्त विनवणी पुन्हापुन्हा येते, तिथे आवाज राखून कसा वाढवत न्यायचा याचे उत्तम शिक्षण मिळते.

पाठभेद

एक बाजू राहून जाते आहे. हयात संगीतकार निवडले की स्वामित्वहक्क आला. अनेक देशांत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत हक्क अबाधित असतो, म्हणजे या धाग्यावर आलेल्या बहुतेक रचनांच्या प्रती गायकागणिक विकत घ्याव्या लागतात. एक प्रत घेऊन तीस छायाप्रती काढण्याची पद्धत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. वृंदगानाच्या संगीतकाराला प्रतींच्या विक्रीतूनच प्रामुख्याने मानधन मिळत असते.

कवितेलाही हक्क असतो. व्हिटेकर यांनी २००० च्या सुमारास रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या एका प्रसिद्ध कवितेला चाल लावली, पण ती वापरण्याची परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांचे कवी मित्र चार्ल्स अँथनी सिल्वेस्त्री यांनी त्याच चालीत, त्याच मात्रांत नवे शब्द लिहिले आणि 'स्लीप' ही रचना तयार झाली. आपल्या वृंदासाठी कोणा तरुण संगीतकाराकडून नवी रचना लिहून घ्यायची असेल तर कवितेची परवानगी हातात आल्याशिवाय त्याला पहिला स्वरही लिहू देऊ नये.

आरोही

पाठभेद, तत्त्व मान्य आहे, पण शाळांच्या हाती पैसा नसतो हेही तितकेच खरे आहे. मार्ग काय?

पाठभेद

मार्ग आहेत. १९९८ पासून चालू असलेल्या 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी' या संकेतस्थळावर जुन्या रचनांबरोबर काही हयात संगीतकारांनी स्वतःहून खुल्या केलेल्या रचनाही आहेत; प्रत्येक रचनेखालच्या अटी वाचून मगच उतरवून घ्याव्यात. अनेक संगीतकार आता स्वतःच प्रकाशन करतात आणि शाळेने पत्र लिहिले तर सवलत देतात. नवी रचना लिहून घेण्याचा खर्च चार-पाच वृंदांनी वाटून घेण्याची पद्धतही रूढ आहे. प्रत्येक वृंदाला आपापल्या ठिकाणी पहिला प्रयोग करण्याचा मान मिळतो आणि संगीतकाराची रचना एका प्रयोगानंतर कपाटात जात नाही.

वाचनमात्र

बहुधा वाचतच असते, आज लिहिते. कार्ल जेन्किन्स यांची 'द आर्म्ड मॅन' कोणीच कशी सुचवली नाही? २००० मध्ये प्रथम सादर झालेल्या या शांततेच्या प्रार्थनेत ख्रिस्ती मासच्या जोडीला मुस्लिम अजान आहे, हिरोशिमाच्या बॉम्बस्फोटातून वाचलेले कवी तोगे सांकिची यांची कविता आहे आणि महाभारतातील खांडववनाच्या दहनाचे वर्णनही आहे. जळत्या वनातले प्राणी सैरावैरा धावतात तो भाग गाताना आमच्या वृंदातील ज्येष्ठ मंडळींनाही शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागला नव्हता. सामुदायिक वृंदाला मोठ्या कृतीत सहभागी झाल्याचे समाधान ती देते.

खर्ज

वाचनमात्र, आपले म्हणणे रास्त आहे. पण संपूर्ण कृती तासाभराहून अधिक लांबीची आहे आणि तिला वाद्यवृंद लागतो. निदान छोटा संच तरी लागतोच. मध्यमग्राम यांच्या मिश्र कार्यक्रमासाठी तिच्यातला एखादा भाग घेता येईल. केवळ एक भाग घेतला तर युद्धाकडून शांततेकडे जाणारा तिचा प्रवास तुटतो, ही माझी तक्रार राहील.

लयतत्त्व

दोन्ही वृंदांनी मिळून गाण्याच्या रचनेबद्दल लिहितो. रीना इस्माईल या भारतीय-अमेरिकी संगीतकार आहेत. त्यांची 'ता रे कि ट' ही रचना लॉस एंजेलिसमधील 'अर्बन व्हॉइसेस प्रोजेक्ट' या वृंदासाठी लिहिली गेली. बेघर असलेल्या किंवा कधीकाळी बेघरपण भोगलेल्या लोकांचा तो वृंद आहे. संपूर्ण रचना तबल्याच्या बोलांवर बेतलेली आहे. भाषा समजण्याचा प्रश्नच येत नाही. ती लहान, चपळ आहे आणि बोल जिभेवर बसले की गायकांना आवरावे लागते. मराठी गायकांना 'त' आणि 'ट' यांतला फरक जन्मजात असल्यामुळे इथे आपली बाजू भक्कम आहे. मात्र लय वाढू देऊ नये. उत्साहाच्या भरात बोल एकमेकांवर चढतात आणि सगळी नक्षी पुसट होते.

दुसरी सूचना अशा गायकांसाठी, ज्यांना स्वरलेखन अजिबात येत नाही. कॉर्नेलियस कार्ड्यू यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'द ग्रेट लर्निंग' मधील सातवा 'परिच्छेद' (त्या कृतीच्या भागांचे हेच नाव आहे) शिकलेल्या आणि न शिकलेल्या कितीही गायकांना गाता येतो. पहिली ओळ प्रत्येकाने स्वतःच्या मनातल्या स्वरावर, एका श्वासाला एकदा, अशी ठरावीक वेळा म्हणायची. पुढच्या ओळीसाठी मात्र शेजारीपाजारी ऐकू येणाऱ्या स्वरांपैकी एक उचलायचा. सुरुवातीला स्वरांची दाटी असते. लोक एकमेकांचे स्वर घेत जातात तशी ती विरळ होत शेवटी मोजक्या स्वरांवर येते. कार्ड्यू १९८१ मध्येच गेले, तेव्हा समकालीन म्हणावे की नाही हे मध्यमग्राम यांनी ठरवावे.

जुनाजाणता

लयतत्त्व यांनी सांगितलेली दुसरी रचना मी प्रत्यक्ष ऐकली आहे. माझ्या 'चाल हवी' या निकषात ती बसत नाही, तरी ऐकताना मी जागचा हललो नाही, हे सांगणे माझे कर्तव्य समजतो. तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकावेच लागते, आणि वृंदगानात शिकवायला सर्वांत कठीण गोष्ट तीच आहे.

मध्यमग्राम

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. इथले प्रतिसाद वाचून माझा निकष आता अधिक नेमका झाला आहे: गायकाला एकट्याने शिकायला थोडे, पण एकत्र आल्यावर सांभाळायला पुष्कळ, अशी रचना शोधायची. त्यानुसार कच्चा आराखडा असा केला आहे. आमचा वृंद 'द लॅम्ब' आणि 'ओ रेडियंट डॉन' गाईल. मुले चिलकॉट यांच्या जॅझ मासमधील दोन भाग आणि 'एपिटाफ फॉर मूनलाइट' सादर करतील. कार्ड्यू आणि 'ता रे कि ट' दोन्ही वृंद मिळून गातील. पॅर्ट यांची रचना मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो, कारण स्वरशुद्धीला लागणारा वेळ यंदा हाताशी नाही. प्रती गायकागणिकच घेतल्या जातील.

एक शंका उरते. कार्ड्यू सुरुवातीला ठेवावे की शेवटी?

लयतत्त्व

सुरुवातीला. गायक सभागृहात विखुरलेले ठेवा आणि गाता गाता त्यांना रंगमंचाकडे येऊ द्या. मात्र त्यापाठोपाठ लगेच 'द लॅम्ब' घेऊ नका. कानात इतके स्वर घुमत असताना सोप्रानोंना नवा षड्ज पकडणे अवघड जाईल.

त्रिश्रुती

मधे मुलांची जॅझ मास ठेवावी. पियानोमुळे पट्टी नव्याने कानात बसेल. 'द लॅम्ब'च्या आधी स्वर द्याल तेव्हा फक्त षड्ज द्या. पूर्ण कॉर्ड वाजवली तर आल्टोंच्या कानात शुद्ध गंधार बसतो आणि दुसऱ्या ओळीत त्यांचा कोमल धैवत वर सरकतो.

मध्यमग्राम

हे टिपून घेतले. पहिली तालीम झाल्यावर आल्टोंचे काय झाले ते इथेच कळवतो.